छातीचा आजार मेंदूवर जातो तेव्हा



गाळप हंगाम जवळ आला की आपल्या पत्रिकेची पाने ठरलेल्या मजकुराने भरतात. नोंदीचे क्षेत्र किती, तोडणी-वाहतुकीचे करार किती झाले, मागील हंगामात उतारा काय पडला, पहिली उचल किती मिळणार. हा मजकूर हवाच. तो नसेल तर पत्रिका कोण वाचणार? परंतु या खेपेला आम्ही जो विषय घेतला आहे तो कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही. विषय आहे खोकल्याचा. आपल्या शेताच्या बांधाला ज्या कोप्या पडतात त्यांतल्या खोकल्याचा, चाकणच्या भाड्याच्या खोल्यांतल्या खोकल्याचा आणि आपल्या स्वतःच्या माजघरातल्याही. कारण हा खोकला नेहमी छातीतच राहतो असे नाही. कधीकधी तो मेंदूवर आणि मज्जातंतूंवर जातो, आणि मग जे नुकसान होते ते भरून निघत नाही.

जानेवारी २०२५ मधली धावपळ सर्वांच्या ध्यानात असेल. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद एकाएकी जाऊ लागली. जीबीएस हे नाव तोवर डॉक्टरांपुरते होते, ते आठ दिवसांत चहाच्या टपरीवर पोचले. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले, आपल्या पिंपरी-चिंचवडातही काही सापडले. त्या साथीत दोष पोटातून गेलेल्या जंतूचा होता. कॅम्पिलोबॅक्टर त्याचे नाव. बहुधा दूषित पाण्यातून आलेला. जंतू पोटात शिरतो, शरीर त्याच्याशी लढायला उठते आणि त्या लढाईत आपल्याच मज्जातंतूंवर घाव घालते, असा तो प्रकार. तेव्हा पाण्याच्या टाक्या तपासल्या गेल्या, मंत्री आले, वर्तमानपत्रे भरली. योग्यच झाले. पण एक गोष्ट त्या गलक्यात कोणी फारशी सांगितली नाही. जंतूने मज्जासंस्थेपर्यंत जाण्याची दुसरी वाट छातीतून आणि घशातून जाते, ती फार जुनी आहे, आणि तिथे गलका कधीच होत नाही. न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूनंतर हाच जीबीएस होऊ शकतो. घटसर्प घशात होतो, पण त्याचे विष मज्जातंतूंना लागते. घसा बरा झाला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि मग काही आठवड्यांनी पोर पाणी प्यायला लागले की पाणी नाकातून परत येते, बोलणे गेंगाणे होते. डांग्या खोकल्यात तान्ह्या पोराला झटके येतात. नेहमीच्या न्यूमोनियाचा जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणात शिरला तर चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत खेळ आटोपतो, आणि वाचलेच तर पुष्कळ पोरे बहिरी होतात.

या सगळ्यांत आमच्या मते आपल्या भागाने सर्वात जास्त ध्यानात घ्यावा असा आजार म्हणजे क्षयाचा मेंदूज्वर. लोक त्याला मेंदूचा टीबी म्हणतात. तो साथीसारखा येत नाही. एक इथे, एक तिथे, असा येतो. म्हणून त्याची बातमी होत नाही.

त्याची रीत सभासदांनी नीट समजून घ्यावी. लहान पोराला क्षय होतो तो बहुतेक वेळा मोठ्या माणसाकडून. कोपीत, खोलीत, घरात कोणी तरी महिना-दोन महिने खोकत असते. म्हातारा असेल, चुलता असेल, टोळीतला गडी असेल. पोर त्याच्याजवळ झोपते. जंतू श्वासावाटे पोराच्या छातीत जातो, तिथे एक बारीक घर करतो, आणि अंगात ताकद कमी असेल तर रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोचतो. सुरुवात अगदी साधी असते. बारीक ताप येतो. पोर किरकिरे होते, जेवत नाही, खेळत नाही. मोठे पोर असेल तर डोके दुखते म्हणते. आठ-पंधरा दिवस असे जातात. "पोरगं जरा तापलंय, दात येत असतील, नजर लागली असेल," असे म्हणत घरची माणसे दिवस ढकलतात. मग विनाकारण उलट्या सुरू होतात, डोळा तिरळा दिसू लागतो, मान ताठते, पोर गुंगीत जाते, झटके येतात. झटके आले की कुणी कांदा हुंगवते, कुणी चप्पल, कुणी देवऋषाकडे नेते. दवाखान्यात पोचते तेव्हा एक हात-पाय लुळा पडलेला असतो.

डॉक्टर या आजाराचे तीन टप्पे मानतात. पहिल्यात रुग्ण शुद्धीवर असतो, हातपाय चालतात. दुसऱ्यात गुंगी येते किंवा एखादा अवयव अधू होतो. तिसऱ्यात बेशुद्धी. औषध तिन्ही टप्प्यांत तेच आहे. फरक आहे तो औषध कोणत्या टप्प्यात सुरू झाले याचा. पहिल्या टप्प्यात सुरू झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात आणि पुष्कळसे धड बरे होतात. तिसऱ्यात सुरू झाले तर वाचणे अवघड, आणि वाचले तरी संसारावर जन्माचे ओझे. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात अंतर किती? दोन-तीन आठवडे. उसाच्या टोळीच्या हिशेबात सांगायचे तर एक पंधरवडा बिलाचा आणि वर चार दिवस.

आता औषधाची गोष्ट. ही गोष्ट आपल्या घराजवळची आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

१९४३ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रटगर्स येथे सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ नावाच्या तरुणाने मातीतल्या एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन शोधले. ती माती कुठली होती? भरपूर खत घातलेल्या शेतातली. शेतकऱ्याने उकिरड्याकडे नाक मुरडून पाहू नये याला हा एक दाखला आहे. त्याआधी क्षयाचा मेंदूज्वर झालेला रुग्ण वाचत नसे. थोडेफार वाचत असे नव्हे, जवळजवळ कोणीच वाचत नसे. डॉक्टर निदान करीत आणि घरच्यांना सांगत की आता काही आठवडे. स्ट्रेप्टोमायसीन आले आणि पहिल्यांदा ही पोरे घरी परत जाऊ लागली. १९५२ साली आयसोनियाझिड नावाची गोळी आली, तिने आणखी जोर दिला.

त्याच सुमारास आपल्या पिंपरीच्या माळावर सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा केला. १९५४ साली कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, युनिसेफने यंत्रसामग्री दिली. सरकारी क्षेत्रातला औषधांचा हा देशातला पहिला कारखाना. आधी पेनिसिलीन, पुढे १९६० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीनही तिथे निघू लागले. आजूबाजूच्या गावांतली कितीतरी माणसे तिथे कामाला लागली. आज पिंपरी म्हटले की लोकांना मोटारी आठवतात, पण या पट्ट्यातल्या उद्योगांची मुहूर्तमेढ औषधाने रोवली. आपल्या सभासदाला तिथले काम समजायला अवघड नाही. आपल्या डिस्टिलरीत मोलॅसिसवर यीस्ट सोडतात आणि त्यातून मद्यार्क निघतो. तिथे टाकीत साखरेवर बुरशी वाढवीत आणि तिच्यातून पेनिसिलीन काढीत. टाकी, हवा, तपमान, स्वच्छता यांची चिंता दोन्हीकडे सारखीच. पुढे तो कारखाना आजारी पडला, पेनिसिलीनचे ते मोठे उत्पादन बंद झाले आणि त्याचा कच्चा माल वर्षानुवर्षे चीनमधून आणण्याची पाळी देशावर आली. त्याबद्दल आम्हाला पुष्कळ लिहिता येईल, पण तो या लेखाचा विषय नाही.

मुद्दा असा की औषध नाही म्हणून माणूस मरण्याचे दिवस पिंपरीच्या परिसरात साठ वर्षांपूर्वीच संपले. आज क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. बेडक्याची सीबीनॅटवरची तपासणी फुकट आहे. औषध चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे खात्यात जमा होतात. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. न्यूमोनियाच्या जंतूच्या मेंदूज्वराला सेफ्ट्रायाक्सोनची इंजेक्शने तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. मग पोरे अधू का होतात? उशिरामुळे. आणि हा उशीर कुठे तयार होतो, ते पाहिले पाहिजे. आमचे स्पष्ट मत असे आहे की त्यातला मोठा भाग आपल्या हंगामाच्या व्यवस्थेत तयार होतो.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फेडायची असते टनावर. एक दिवस कामावर गेले नाही तर मुकादमाच्या वहीत खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडतेच, वर दंड चढतो. आता पोर तापले आहे. आई त्याला घेऊन दवाखान्यात गेली तर अर्धा कोयता गेला, म्हणजे प्रत्यक्षात पुराच गेला, कारण एकट्याने तोडून मोळ्या बांधून गाडी भरत नाही. मग ती काय करते? पोराला पाचटावर चिंध्यांच्या सावलीत निजवते आणि तोडायला लागते. संध्याकाळी जवळच्या कुणाकडून दोन गोळ्या, एक सुई. ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोड. ही अर्धीमुर्धी सुई फार वाईट. तिने जंतू मरत नाही, फक्त दबतो, आणि पुढे मोठ्या डॉक्टरलाही निदान करताना चकवतो. तीन दिवसांनी टोळी दुसऱ्या गटात हलते. तिथला दवाखाना माहीत नसतो. असे पंधरा दिवस जातात.

"तो मुकादमाचा आणि त्यांचा प्रश्न, आपण काय करणार," असे काही सभासद म्हणतील. आम्हाला हे मान्य नाही. ऊस आपला आहे. कोपी आपल्या बांधावर आहे. करारावर शिक्का कारखान्याचा आहे. वाढ्यांच्या हिशेबात आपण लक्ष घालतो, मोळी बारीक बांधली तर बोलतो, पाला जास्त आला तर बोलतो. मग पोर पंधरा दिवस निपचित पडले आहे हे बांधावरून जाताना दिसत नाही काय? दिसते. आपण त्याला आपले काम समजत नाही, इतकेच.

दुसरे कोणी म्हणतील की खर्च वाढेल. किती वाढेल ते बघू. आजारी पोराला दवाखान्यात नेल्याच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, ही अट तोडणी करारात घातली तर कारखान्याला फार तर काही कोयत्यांच्या काही दिवसांचा फरक सोसावा लागेल. एखादी पाळी बॉयलर बंद पडला तर याहून जास्त नुकसान होते, आणि ते आपण दर हंगामात निमूटपणे सोसतो.

दवाखान्यात नेल्यावरही एक अडथळा असतो, त्याबद्दल उघड बोलले पाहिजे. मेंदूज्वराची शंका आली की डॉक्टर पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचे म्हणतात. इथे निम्मी माणसे पोराला उचलून घरी आणतात. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो," ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, शिकलेल्या घरांतही. खरे असे की मेंदूतून येणारी मुख्य दोरी जिथे संपते त्याच्या खाली सुई घालतात. काढतात ते थोडेसे पाणी, आणि शरीर ते पुन्हा तयार करते. माणूस लुळा होतो तो आजाराने. त्या पाण्याशिवाय क्षयाचा मेंदूज्वर की साधा, हे पक्के कळत नाही, आणि दोघांची औषधे निराळी. क्षयाच्या औषधांबरोबर सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइडही देतात, त्याने मृत्यू कमी होतात. मेंदूत पाणी तुंबले तर नळी बसवावी लागते. हे सगळे आपल्या भागात होते. पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, औंधला जिल्हा रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. न्यायला १०८ ची गाडी आहे.

औषध साधारण वर्षभर चालते. दोन महिन्यांत पोर हिंडू-फिरू लागते, आणि इथेच पुन्हा घात होतो: बरे वाटले की गोळ्या बंद. शिवाय या औषधांचा स्वतःचाही मज्जातंतूंवर परिणाम असतो, तो माहीत असलेला बरा. जुन्या काळी स्ट्रेप्टोमायसीनने जीव वाचे, पण कानाच्या नसेला इजा होऊन काहींना ऐकू येईनासे होई, चक्कर राही. आता ते पहिल्या फळीच्या औषधांत राहिलेले नाही. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात, दारू पिणाऱ्याला जास्तच, म्हणून सोबत ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. ती फालतू समजून टाकून देऊ नये. इथॅम्ब्युटॉलवर असताना नजर धूसर झाली, लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचे. सांगायचे, आपल्या मनाने गोळी थांबवायची नाही.

टोळी एप्रिलच्या आत गावाकडे परतते, मग पुढचे औषध कुठे? रुग्णाची निक्षय नोंद झालेली असली की त्याच नोंदीवर बीड काय किंवा पाथर्डी काय, तिथल्या सरकारी दवाखान्यात औषध पुढे चालू राहते. जाताना तो क्रमांक कागदावर लिहून आईच्या हातात दिला आहे की नाही, एवढे पाहणारा माणूस हवा. आमच्या मते गट कार्यालयातला चिटबॉय हे सहज करू शकतो. उसाच्या पावत्या तो सांभाळतोच.

आता थोडे आपल्या घराकडे. कोप्यांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या बाजूला आपल्यापैकी बऱ्याच सभासदांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत. दहा बाय दहाची खोली, तिच्यात कंपनीतली पाच-सहा पोरे, पाळ्या निराळ्या म्हणून अंथरूण कधी रिकामे नाही, आणि खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीला टेकलेली. क्षयाच्या जंतूला याहून चांगली सोय कोण करून देणार? हवा खेळती असेल तर तो पांगतो, कोंडली असेल तर तासन् तास तरंगतो. भाडे घेणाऱ्याने समोरासमोर दोन झरोके ठेवावेत, यात घर बुडत नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकणारा भाडेकरू असेल तर त्याला खोली सोडायला सांगणे हा उपाय नव्हे. तो दुसऱ्या खोलीत जाऊन तेच करील. त्याला बेडका तपासायला पाठवणे हा उपाय. फौंड्रीत किंवा मोशीकडच्या दगडखाणींवर काम करणाऱ्यांच्या छातीत धूळ बसलेली असते, त्यांना धोका जास्त. आणि घरातला म्हातारा ताप-खोकल्यात अचानक बरळू लागला, माणसे ओळखेना, तर "वय झालं" म्हणून सोडू नये. न्यूमोनिया डोक्यावर चढल्याची ती खूण असू शकते.

लसींबद्दल आता शंका ठेवण्यासारखे काही उरलेले नाही. जन्मतःच दिलेली बीसीजी मोठेपणीचा छातीचा क्षय फारसा अडवत नाही हे खरे, पण तान्ह्या पोराला क्षयाच्या मेंदूज्वरापासून ती चांगले राखते. आणि आपल्याला काळजी त्याचीच आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत घटसर्प, डांग्या खोकला आणि मेंदूज्वराचा एक जंतू यांचा बंदोबस्त होतो. न्यूमोनियाच्या जंतूवरची पीसीव्ही लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात आली. पूर्वी ती पैसेवाल्याच्या पोरालाच मिळे. तीच लस स्वस्तात बनवण्याचे काम हडपसरच्या सिरमने केले, २०२० साली. तेव्हा औषध जसे एके काळी पिंपरीत निघाले तशी लस आज पुण्यात निघते, आणि तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आपल्या बांधावरच्या पोराला ती टोचलेली नसते. कारण ठरलेल्या तारखेला आई गावी नसते, इथल्या आशाताईच्या यादीत तिचे नाव नसते, आणि पोराचे कार्ड गावाकडच्या ट्रंकेत असते. डोस कुठल्याही सरकारी केंद्रावर घेता येतो, गावचाच दवाखाना लागत नाही. हे टोळीला सांगायला कोणी गेलेले नसते.

म्हणून आम्ही संचालक मंडळाला आणि सभासदांना असे सुचवतो. टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यातच, बैल आणि गाड्या मोजतो त्याच वेळी, पाच वर्षांखालच्या पोरांची कोपीवार यादी करावी आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी द्यावी. टोळीत कोणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल तर त्याचा बेडका त्याच आठवड्यात तपासावा. निदान झाले तर त्याच्या कोपीतल्या लहानांना क्षय होऊ नये म्हणून द्यायची गोळी सरकारकडून मिळते, ती सुरू करून घ्यावी. खाड्याबाबतची अट करारात यावी. आणि ताप आठवडाभर हटत नाही, उलट्या होतात, पोर गुंगीत आहे, तान्ह्याची टाळू फुगली आहे, झटका आला आहे, यांतले काहीही दिसले तर ज्याच्या बांधावर कोपी आहे त्या सभासदाने मुकादमाची वाट न पाहता गाडी काढावी. ट्रॅक्टर असो की मोटारसायकल.

खाड्याच्या अटीवर मतभेद होणार, याची आम्हाला कल्पना आहे. तोडणी-वाहतूक करार हंगामाच्या आधी होतात, त्यामुळे बदल करायचा तर तो वार्षिक सर्वसाधारण सभेतच ठरला पाहिजे. ज्या सभासदांना ही अट योग्य वाटते, आणि ज्यांना ती अव्यवहारी वाटते त्यांनीही, आपले म्हणणे गटवार लेखी स्वरूपात शेती खात्याकडे सभेपूर्वी पाठवावे.